वडिलांचा जन्म मुक्तीपूर्व गोव्यातला: पोर्तुगीज नोंदणी करावी का? सल्ला हवा

दोडामार्गी

नमस्कार मंडळी. धागा काढू की नको, काढू की नको करत चार महिने गेले. आज काढतोच.

बाबांचा जन्म १९५७ चा, कोरगावचा, तालुका पेडणे. म्हणजे तेव्हा तिथे पोर्तुगीज राज्य. पुढे बाबा एसटीत कंडक्टर म्हणून चिकटले, सावंतवाडी डेपोला आले आणि इकडचेच झाले. माझा जन्म १९९० चा, सावंतवाडीतला. सध्या पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. बायको फार्मसिस्ट, मुलगी चार वर्षांची.

गणपतीत गावी गेलो तेव्हा जर्मनीत असलेला चुलतभाऊ भेटला. म्हणाला, "तुझे बाबा म्हणजे चालताबोलता व्हिसा आहेत, आणि तू पुण्यात इन्स्पेक्शन रिपोर्ट भरत बसलायस." तेव्हापासून डोक्यात किडा. त्याने स्वतः सगळं एजंटकडून करून घेतलं, त्यामुळे नेमकं काय काय केलं ते त्यालाही सांगता येत नाही.

हातात काय आहे: बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट (एकदा दुबईला बहिणीकडे जाऊन आलेत). माझा नगरपालिकेचा जन्मदाखला आहे, नोंद १९९० सालचीच, आईबाबांची नावं आहेत, पण त्यात माझं नावच नाही, नुसतं "पुरुष". आईबाबांचं लग्न १९८६ चं, वेंगुर्ल्याला आईच्या माहेरी दारात मांडव घालून झालं. नोंदणी वगैरे कोणी केली नाही.

हे होण्यासारखं आहे का, किती वर्षं लागतात, एजंट धरावा का, आणि मुळात करण्यात अर्थ आहे का? आमचा डोळा आयर्लंड किंवा जर्मनीवर आहे. पोर्तुगालला राहायचा विचार नाही. गावी आजोबांच्या नावावर थोडं भात आणि काजू आहे, त्याचं काय होईल हेही कळलं तर बरं.

वेंगुर्ल्याचो

सगळा इचारलंस, पण बापाशीक इचारलंस काय? पयली नोंद तेंची होतली, मगे तुजी.

कागदकिडा

वेंगुर्ल्याचो यांनी एका ओळीत सांगितलं तेच पहिलं. आता माझी रेकॉर्ड. बायकोच्या माहेरचं हे सगळं मी केलं आहे, सासरे डिचोलीचे. पहिला कागद काढल्यापासून बायकोच्या हातात पासपोर्ट पडेपर्यंत साडेतीन वर्षं. आमच्या ओळखीत कोणाचं दोनात झालं, कोणाचं अजून चालू आहे.

आधी एक शब्द दुरुस्त करतो. चुलतभाऊ म्हणतो तसा हा व्हिसा नाही. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहायची परवानगी, स्वतःचं घर तसंच राहतं. इथे तुम्ही पोर्तुगालचे नागरिक होणार. पोर्तुगालच्या कायद्याच्या नजरेत १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमधे जन्मलेला माणूस पोर्तुगीज भूमीवर जन्मला. भारताचं सार्वभौमत्व त्यांनी मान्य केलं तेच मुळी ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तिकडची हुकूमशाही कोसळल्यानंतर. भारताने मात्र २८ मार्च १९६२ च्या आदेशाने या सगळ्यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय धरून टाकलं. दोन्ही देश आपापल्या कागदावर बरोबर आहेत आणि तुमचे बाबा मधे उभे आहेत.

क्रम असा. बाबांची गोव्यातली जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात (सगळे त्याला कॉन्सर्वातोरिया म्हणतात) उतरवून घ्यायची. मग आईबाबांचं लग्न तिथे नोंदवायचं. त्यानंतर तुम्ही "परदेशात जन्मलेलं पोर्तुगीज नागरिकाचं मूल" म्हणून अर्ज करायचा. सज्ञान माणसाला त्याची फी १७५ युरो, अज्ञान मुलाला फुकट. तुमचं झालं की तुमचं लग्न आणि मग मुलगी. शेवटी ओळखपत्र आणि त्यावर पासपोर्ट. पणजीला त्यांचं वकिलातीचं कार्यालय आहे, तिथे हे शेवटचे टप्पे होतात.

यातला प्रत्येक टप्पा मागच्या कागदावर उभा असतो, आणि तुमचा सगळा डोलारा उभा राहणार बाबांच्या "तेओर"वर. तेओर म्हणजे जन्मनोंदीची पूर्ण मजकुराची नक्कल, पोर्तुगीजमधली. पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात अर्ज करा. शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट यातलं काहीही लिस्बनला जन्माचा पुरावा म्हणून चालत नाही. तेओर मिळेपर्यंत एक रुपया कोणाला देऊ नका.

आणि तेओर हातात आलं की आधी नावं वाचा. पाद्र्याच्या किंवा कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. "श" साठी एक्स. शांताराम एक्सपासून सुरू होतो. पांडुरंगाचा पांडुरोंगा होतो. नाईक म्हणजे एन ए आय क्यू यू ई. प्रभूंचे पोरोबो, कामतांचे कामोतीम, शेणव्यांचे सिनाय. माझ्या सासऱ्यांच्या आडनावाची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं होती आणि चौथं त्यांच्या दुकानाच्या पाटीवर.

दोडामार्गी

बाप रे. वेंगुर्ल्याचो, नाही विचारलं अजून. म्हटलं आधी होण्यासारखं आहे का बघू, उगाच म्हाताऱ्याच्या डोक्याला ताप नको.

कागदकिडा, माझ्या दाखल्यावर नाव नाही त्याचं काय? आणि लग्नाची नोंद आता चाळीस वर्षांनी होते का?

कागदकिडा

नाव नगरपालिकेतून घालून घ्या. कायद्यात त्याला १५ वर्षांची मर्यादा आहे, पण जुन्या नोंदींसाठी वेळोवेळी मुदतवाढ दिली गेली आहे. जन्म विभागात चौकशी करा, दहावीचा दाखला घेऊन जा. तुमचं एक नशीब चांगलं आहे, ते लक्षात आलं नसेल: नोंद १९९० सालचीच आहे आणि त्यात आईवडिलांची नावं आहेत. पोर्तुगालचा कायदा बघतो की मूल अज्ञान असतानाच त्याचं आईवडिलांशी नातं कागदावर आलं होतं का. ज्यांनी जन्मनोंदच तिशीत कोर्टातून करून घेतली, त्यांची इथे दांडी उडू शकते. मेहुण्याचा मित्र याच खड्ड्यात पडला. आजोबा, बाबा सगळे पक्के गोव्याचे, पण याची नोंद वयाच्या २६ व्या वर्षी.

लग्नाची नोंद उशिरा होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार लागतात, लग्न लावलेल्या भटजींची सही लागते. भटजी वारले असतील तर प्रतिज्ञापत्र. यात आईचा जन्मदाखलाही लागेल, कारण लिस्बनला लग्न नोंदवताना दोघांची जन्मनोंद मागतात. आणि आता कळीचा प्रश्न: आईचं नाव लग्नात बदललं का?

दोडामार्गी

बदललं. माहेरची द्वारका, सासरची सुलोचना. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव, तेच आधारवर.

कागदकिडा

मग लिस्बनच्या कारकुनाला असं दिसेल की तुमचे बाबा द्वारका नावाच्या बाईशी लग्न करून बसले आणि तुम्ही सुलोचनाच्या पोटी जन्मलात. हसू नका, आम्हाला हे पत्र पोर्तुगीजमधे आलं होतं, भाषांतराचे पैसे देऊन वाचलं. राजपत्रात नावबदल किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि लग्ननोंदणीच्या दाखल्यावरच "पूर्वाश्रमीची" म्हणून माहेरचं पूर्ण नाव. हे शेवटचं जमलं तर सोन्याहून पिवळं, कारण मग एकच कागद दोन्ही नावं बोलतो. भारतातल्या सगळ्या कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतं. त्याच्या आधी राज्याचा शिक्का. दोन शिक्क्यांसाठी दोन खेपा धरून चाला.

मुळशीकर

थोडं अवांतर. माझे आजोबा १९२१ साली रत्नागिरीत जन्मले, तेव्हा ब्रिटिश राज्य होतं. मग याच न्यायाने मला इंग्लंडचा तो ॲन्सेस्ट्री व्हिसा मिळायला नको का? यूट्यूबवर एक जण सांगत होता.

लेस्टरची_सून

नाही हो, मुळशीकर. ब्रिटनचं गणित वेगळं आहे. तो व्हिसा कॉमनवेल्थ देशाच्या १७ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला मिळतो, भारतीय त्यात बसतो, पण आजी किंवा आजोबा प्रत्यक्ष युनायटेड किंग्डममधे, चॅनल बेटांवर किंवा आइल ऑफ मॅनवर जन्मलेले हवेत. आयर्लंडच्या बाकी भागातला ३१ मार्च १९२२ पूर्वीचा जन्मही चालतो. रत्नागिरीवर युनियन जॅक फडकत होता एवढ्याने भागत नाही. इकडे माझ्या ओळखीत हा व्हिसा मिळालेली भारतातली एकच बाई आहे, तिचे आजोबा ग्लासगोचे, रेल्वेत नोकरीला म्हणून खडगपूरला आले होते.

ज्यांना बसतो त्यांना मात्र झकास. नोकरीची ऑफर लागत नाही, कंपनीची स्पॉन्सरशिप लागत नाही, काम करायचा इरादा आणि स्वतःचं पोट भरायची ऐपत दाखवायची. पाच वर्षं मिळतात, त्यानंतर कायम वास्तव्याचा अर्ज. अर्ज मात्र ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो. आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, पाच वर्षांचा आधीच भरायचा. म्हणजे मोठ्या माणसाला ५,१७५ पौंड फीच्या वर.

तो यूट्यूबवाला कुठल्या कन्सल्टन्सीचा होता ते बघा.

दोडामार्गींसाठी: तुमच्या चुलतभावाने ब्रिटनचं नाव घेतलं नाही ते बरं केलं. स्विंडन, साउथॉलमधे गोव्याची घरंच्या घरं पोर्तुगीज पासपोर्टवर आली, पण तो दरवाजा ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. जे आधीपासून इथे होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत नोंद करता आली. आता त्या पासपोर्टवर इथे नुसतं फिरायला यायचं तरी ईटीए (प्रवासाची आगाऊ ऑनलाइन परवानगी) काढावं लागतं. अजूनही गावागावात "पोर्तुगीज करा आणि लंडनला जा" सांगणारे एजंट आहेत असं ऐकते.

सह्याद्रीची_लेक

मला हा धागा वाचून त्रास झाला, तो लिहिते. माझे आजोबा पुण्याहून १९५५ च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात गेले होते. १५ ऑगस्टला बांद्याहून चालत निघाले, पत्रादेवीला गोळीबार झाला. त्यांच्या शेजारचा मुलगा पडला. आजोबा परत आले आणि मरेपर्यंत पंधरा ऑगस्टला उपास करायचे. आणि आता आपण त्याच पोर्तुगालकडे "आम्ही तुमचेच हो" म्हणून अर्ज करायचा? तुम्हाला करायचं तर करा, कायदेशीर आहे. पण याला "वडिलांचा चालताबोलता व्हिसा" म्हणताना एकदा पत्रादेवीच्या स्मारकापाशी थांबून जा, तुमच्या गावच्या रस्त्यावरच आहे.

खानोलकर_वहिनी

ताई, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण पेडण्यातली माणसं त्या स्मारकावरून रोज भाजी घेऊन जातात, त्यांना ते कोणी दाखवायला नको. माझे काका पोर्तुगीजांच्या काळात आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांचाच नातू आज लक्झेंबर्गला आहे, याच पासपोर्टवर. काकांनी सांगितलं होतं, "त्यांनी आमचं साडेचारशे वर्षं खाल्लं, पोराने थोडं परत आणलं तर काय बिघडलं."

दोडामार्गी

सह्याद्रीची_लेक, राग नाही. चुलतभावाचं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलं, ते नीट वाटलं नाही हे कबूल. आमचे आजोबा सत्याग्रहात वगैरे नव्हते. भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्या काळात रात्री तेरेखोल नदीतून होडीने पलीकडून कांदेबटाटे आणायचे एवढंच माहीत आहे. त्याला देशकार्य म्हणायचं की स्मगलिंग ते घरात अजून ठरलेलं नाही.

एकदा_फसलेला

एजंटाबद्दल माझा अनुभव घ्या. म्हापशातला एक जण, नाव लिहीत नाही. सगळ्याचं मिळून साडेतीन लाख ठरले, अर्धे आधी. दर महिन्याला फोन केला की "लिस्बनला फाइल आहे, साहेब रजेवर आहे". दोन वर्षं साहेब रजेवर. शेवटी मी लिस्बनच्या एका वकिलाला मेल टाकला, तर कळलं की माझ्या नावाची फाइलच उघडलेली नाही.

त्याहून वाईट पुढेच. कागद परत मागितले तर वडिलांच्या नावाने केलेलं एक प्रतिज्ञापत्र त्यात निघालं, ज्यावर वडिलांनी कधी सही केली नव्हती. स्पेलिंग जुळवायला त्याने परस्पर केलं होतं. तो कागद लिस्बनला गेला असता आणि पकडला गेला असता तर खोटा कागद वडिलांच्या नावावर. पैसे गेले त्याचं दुःख नाही म्हणणार नाही, पण त्या सहीची आठवण आली की अजून झोप उडते.

आता काय करायला हवं होतं ते कळतं. फाइल दाखल झाली की तिला प्रक्रिया क्रमांक मिळतो आणि ऑनलाइन बघायचा कोड मिळतो. एजंट असो की वकील, हा क्रमांक हातात आल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही. "देतो, देतो" म्हणाला तर उठून यायचं. आणि प्रत्येक मूळ कागदाची स्कॅन आपल्याकडे.

कागदकिडा

+१. आम्ही गोव्यातले कागद स्वतः गोळा केले आणि लिस्बनच्या वकिलाला फक्त दाखल करायचं कुलमुखत्यारपत्र दिलं. स्वस्त पडलं असं नाही, पण रात्री झोप लागायची.

आलफामातून

मी तीन वर्षं लिस्बनमधे आहे, मूळचा फोंड्याचा. पासपोर्टनंतर काय होतं ते कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

पासपोर्ट मिळाला म्हणजे नोकरी मिळाली नाही. नोकरी मागायची परवानगी मिळाली. पोर्तुगालमधे २०२५ ला किमान वेतन महिन्याला ८७० युरो होतं, वर्षाला चौदा पगार मिळतात, आणि सुरुवातीला आपल्यासारख्यांना मिळतं ते त्याच्याच आसपास. लिस्बनचं भाडं त्यातलं किती गिळतं ते विचारू नका. मी पहिले आठ महिने एका खोलीत तिघांबरोबर काढले आणि हॉटेलात बेड लावले. फोंड्यात माझं स्वतःचं दुकान होतं.

तुम्ही थेट आयर्लंड किंवा जर्मनीला जाणार असाल तर पोर्तुगालला राहायची सक्ती नाही. युरोपियन युनियनच्या २७ देशांत कुठेही जाऊ शकता, तीन महिन्यांपर्यंत कोणी काही विचारत नाही, त्यापुढे काम किंवा पोटापुरता पैसा दाखवायचा. आयर्लंडला इंग्रजीवर भागतं. जर्मनीत क्वालिटीचं काम भाषेशिवाय मिळणं कठीण, आत्तापासून क्लास लावा. वहिनींचं फार्मसीचं शिक्षण तिकडे जसंच्या तसं चालत नाही, परवाना घ्यावा लागतो. त्याला वेळ जातो, तोवर घर एका पगारावर चालेल हे धरून चला.

वहिनींचं नागरिकत्व आपोआप होत नाही. तुमच्याबरोबर कुटुंब म्हणून राहता येतं. पोर्तुगीज नागरिकाशी लग्नाला तीन वर्षं झाली की अर्ज करता येतो, पण पोर्तुगालशी संबंध काय असं सरकार विचारू शकतं.

आणि गाडीत बसून पोर्तुगीज शिका. मला पेरू आणि पगार सोडून एकही शब्द कामाला आला नाही.

मुळशीकर

पेरू पोर्तुगीज आहे?

आलफामातून

पेरा म्हणजे नाशपाती. त्यामुळे तोही कामाला आला नाही.

कागदकिडा

आता मूळ प्रश्नातलं राहिलेलं, "करण्यात अर्थ आहे का".

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने दुसरीकडचं घेतलं की इथलं संपलं. परदेशी पासपोर्ट काढणं हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे ज्या दिवशी पोर्तुगीज पासपोर्ट, त्या दिवसापासून भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, तो जमा करायचा, मतदार यादीतून नाव काढायचं. काही लोक दोन्ही खिशात घेऊन फिरतात. कधीतरी विमानतळावर पकडले जातात आणि मग सगळं आयुष्य त्या एका काउंटरवर अडतं.

नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) काढायचं. त्यावर ये-जा, राहणं, नोकरी होतं. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळते. त्यामुळे आजोबांचं भात आणि काजू बुडणार नाही, पण शेजारच्याने काजूचा डोंगर विकायला काढला तर तुम्ही नुसतं बघायचं. मधे गोव्यातल्या लोकांचे पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्द करायला सुरुवात झाली होती, त्यामुळे जमा केल्याचा दाखला मिळेना आणि ओसीआय अडकलं. २०२४ मधे केंद्राने रद्द केल्याचा आदेशही चालेल असं केलं, तेव्हा वाट मोकळी झाली.

बाबांबद्दल नीट ऐका. तुमच्यासाठी लिस्बनला त्यांची जन्मनोंद आणि लग्ननोंद लागते. त्यांनी स्वतः पासपोर्ट काढलाच पाहिजे असं नाही. पण नुसत्या त्या नोंदीने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागतो का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद झडले आहेत. पंचायतीपासून विधानसभेपर्यंतच्या माणसांवर तक्रारी झाल्या. बाबा निवडणुकीला उभे राहणार नसतील तर कोणी उकरायला येणार नाही, हे व्यवहाराचं बोलणं झालं. कायद्याचं बोलणं वकिलाकडून लेखी घ्या. आणि सही करायच्या आधी बाबांना हे पूर्ण सांगा. कर्जाला जामीन राहा म्हणतो तेव्हा तरी आपण बापाला आकडा सांगतोच ना.

वेंगुर्ल्याचो

ताच मी तीन आठवड्यांआधी म्हटलंय.

दोडामार्गी

मंडळी, उशिराने लिहितोय. बाबांशी बोललो. वरचा कागदकिडांचा प्रतिसाद मोबाइलवर मोठा करून त्यांना वाचायला दिला. चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "मी पासपोर्ट काढणार नाही. सही लागेल तिथे करीन. पण आधी वकिलाकडे मी येणार, तू परस्पर काही ठरवायचं नाही." मग थोड्या वेळाने, "आणि पेडण्याला जायचं असेल तर एसटीने जाऊ, माझा पास आहे." गोव्याच्या बसला चालत नाही तो पास, पण बांद्यापर्यंत त्यांनी तो चालवलाच.

पेडण्याच्या कार्यालयात दोन खेपा झाल्या. पहिल्यांदा १९५७ ची वही काढली, त्यात बाबा नाहीत. कारकून बाई म्हणाल्या मागची बघू. दुसऱ्या खेपेला १९५६ ची काढली. केवढी मोठी वही, दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवली, पानांच्या कडा वाळवीने नक्षी काढल्यासारख्या खाल्लेल्या. बाईंनी बोट फिरवत फिरवत थांबवलं आणि म्हणाल्या, "हे बघा."

बाबांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५६, पहाटे चार वाजता.

घरात सगळे इतकी वर्षं १ जून धरून बसलो होतो. सावंतवाडीच्या शाळेत मास्तरांनी घातलेला १ जून. आधारवर तो, पासपोर्टवर तो, एसटीच्या सर्व्हिस बुकात तो. बाबा वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी सात महिने फुकट डबल बेल मारली."

खाली खबर देणाऱ्याची सही होती. वरचं सगळं पोर्तुगीज, वळणदार, आणि खाली एकच शब्द मराठीत. आजोबांची सही, मोठ्ठं वेलांटीचं अक्षर, शेवटी दाब देऊन टिंब. बाबा म्हणाले रेशनकार्डावर पण असंच टिंब द्यायचे, कागद फाटायचा.

आता प्रश्न. तेओरवर नाव आणि आडनाव जवळपास जुळतंय, आडनावात एक्स आहे तेवढाच. आजीचं नावही माहेरचंच आहे. पण जन्मतारीख? बाबांचे भारतातले सगळे कागद बदलायचे का?

कागदकिडा

लिस्बनला तेओरवरचीच तारीख धरतात, तिथे वाद नाही. भांडण होणार ते तुमच्या जन्मदाखल्याशी किंवा आईबाबांच्या लग्ननोंदीशी जोडताना, जिथे बाबांचं वय किंवा तारीख येते. लग्नाची नोंद अजून केली नाहीत ना? मग सुटलात. आधी आधारची तारीख तेओरच्या नकलेवर दुरुस्त करा, मगच लग्ननोंदणीला जा, म्हणजे तो दाखला पहिल्यापासून खऱ्या तारखेचा येईल. आधारमधे जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे फॉर्मवरचा आकडा दोघांनी वाचून मग बटण दाबा. पासपोर्ट त्यानंतर. एसटीच्या कागदांना हात लावू नका, निवृत्त माणसाचं सर्व्हिस बुक उकरून काही मिळत नाही. त्यासाठी शाळेच्या दाखल्यातली आणि तेओरमधली व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ते बाबांच्या समोर, त्यांच्या सहीने.

एकदा_फसलेला

"त्यांच्या सहीने" हे अधोरेखित.

सह्याद्रीची_लेक

मराठीतल्या सहीचं वाचून बरं वाटलं. तेओरमधे सही दिसत नसेल, नुसती नक्कल टाइप करून देतात. त्या पानाचा फोटो काढू देतात का विचारलंत का?

दोडामार्गी

विचारलं. नाही काढू देत. बाबांनी पाच मिनिटं बाईंशी कुठल्या गावच्या, कोणाच्या घरातल्या असं केलं, तरी नाही.

आज सकाळी आधार केंद्रावर टोकन ४७ मिळालं आहे, चालू नंबर १२. आईने लग्नाचा अल्बम शोधून ठेवला, भटजी २००३ ला वारले असं कळलं, त्यांचा मुलगा वेंगुर्ल्यातच आहे. वेंगुर्ल्याचो, तुम्ही ओळखत असाल तर व्यनि (खासगी निरोप) करा.